रापणीचा वाटा

नारळी पौर्णिमा होऊन जाते, समुद्राचा पावसाळी खवळ ओसरतो आणि भाद्रपद-आश्विनातील ऊन वाळूवर तापू लागते. मालवण, देवबाग, वेंगुर्ले या दक्षिण कोकणच्या किनाऱ्यावर मग एक फार जुना व्यवसाय पुन्हा जागा होतो. वेळ दुपारची असते. माडांच्या सावलीत जाळ्याचे ढीग पडलेले असतात, आणि त्यांच्याभोवती बसलेली माणसे फाटलेली आसे सांधीत बोलत असतात. मात्र त्यांतील एकाचे लक्ष बोलण्यात नसते. तो उंचवट्यावर उभा राहून, कपाळावर आडवा हात धरून पाण्याकडे पाहत असतो. पाण्याच्या रंगात पडलेला काळसर फरक, पृष्ठभागावर उठलेली बारीक थरथर, एकाच जागी घिरट्या घालणारे पक्षी, एवढ्या खुणांवरून त्याला कळते की बांगड्यांचा अथवा तारल्यांचा थवा किनाऱ्याकडे सरकला आहे. त्याची हाक येते आणि क्षणात सारी वाडी उभी राहते.

होडी लाटांत लोटली जाते. जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती राहतो. होडी समुद्रात शिरते आणि वल्ह्यांच्या तालावर मोठे अर्धवर्तुळ घेत पुढे जाते. तीतून जाळे पाण्यात सुटत जाते. वरच्या काठाला हलकी तरंडे आणि खालच्या काठाला वजने असल्यामुळे ते भिंतीसारखे उभे राहते. थव्याला वेढा घालून होडी बऱ्याच अंतरावर पुन्हा किनाऱ्याला लागते आणि दुसरा दोर वाळूवर येतो. मग दोन रांगा लागतात. तीस-चाळिसांपासून कधी कधी शंभरापर्यंत माणसे पाय वाळूत रोवून, पाठ मागे झुकवून तो दोर खेचीत असतात. शेवटच्या माणसाच्या हातातला दोर संपला की तो पुढे धावत जाऊन पाण्याशी पुन्हा पहिला उभा राहतो. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींजवळ येतात आणि अर्धवर्तुळ आखडत जाते. दोन-तीन तासांनी, ऊन कलते तेव्हा, उथळ पाण्यात चांदीचा उकळता पट्टा दिसू लागतो. कधी तो दिसतच नाही. जाळ्यात शेवाळ आणि मूठभर मांदेली तेवढी येतात आणि तेवढ्याच शांतपणे जाळे पुन्हा गुंडाळले जाते.

या मासेमारीला दक्षिण कोकणात रापण, गोव्यात रांपण आणि कारवारपासून मंगळूरपर्यंत रंपणी म्हणतात. नावे व रचना थोड्या बदलल्या, तरी किनाऱ्यावरून ओढण्याच्या जाळ्याची ही कल्पना साऱ्या भारतीय किनाऱ्याला परिचित आहे. केरळातील कंबवल, तमिळ किनाऱ्यावरील करवलै आणि आंध्रातील अलिवी ही तिचीच भावंडे होत. पूर्वेकडील जाळ्यांना बहुधा मध्ये मोठी पिशवी असते. पश्चिमेकडील रंपणी मात्र मुख्यतः पिशवीविना असलेली लांब भिंत आहे. तिची लांबी अर्ध्या किलोमीटरहून अधिक, आणि मोठ्या रंपणीची तर एक किलोमीटरच्या घरात जाते. मोठा थवा सापडला तर कारवार-मंगळूरकडील मच्छीमार वेढलेली मासळी एकदम वाळूवर ओढीत नसत. जाळे पाण्यातच उभे ठेवून, आतून दुसऱ्या लहान जाळ्याने लागेल तेवढी मासळी दोन-दोन, तीन-तीन दिवस ते काढीत. बाजार, मीठ आणि माणसांचे हात यांना पुरेल तेवढेच एका वेळी घ्यावे, हा त्यामागचा विचार होता. समुद्र हेच त्यांचे शीतगृह होते.

रापणीचा इतिहास केवळ एका जाळ्याचा इतिहास असता, तर तो संग्रहालयातील एका फलकावर मावला असता. खरा इतिहास आहे तो वाटणीचा. एवढे जाळे एका घराला पेलणारे नव्हे. सूत, काथ्या, होडी, माणसे यांतील काहीच एका कुटुंबाला पुरवता येत नसे. म्हणून रापण ही प्रारंभापासूनच संघाची वस्तू राहिली. प्रत्येक घराने जाळ्याचा एकेक तुकडा विणायचा, तो इतरांच्या तुकड्यांना जोडायचा, आणि हंगाम संपला की आपापला तुकडा दुरुस्तीसाठी घरी न्यायचा, अशी रीत पुष्कळ ठिकाणी होती. नायलॉन येण्यापूर्वी हे जाळे तागाचे अथवा सुताचे असे. ते कुजू नये म्हणून झाडांच्या साली उकळून काढलेल्या रसात ते बुडवावे लागे आणि पुनःपुन्हा वाळवावे लागे. मासळी आली की तिचे वाटे पडत. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, तांडेलाचा वाटा, आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. वाटसरूने जरी दोराला हात लावला, तरी त्याला रिकाम्या हाताने जाऊ देऊ नये, असा संकेत होता. एकाच किनाऱ्यावर दोन-तीन संघ असले तर कोणी कोणत्या क्रमाने जाळे टाकावे, हेही ठरलेले असे. हा करार कोणत्याही दप्तरात नोंदवलेला नव्हता, पण तो मोडणाऱ्याला गावात दुसऱ्या दिवशी तोंड दाखवणे अवघड जाई.

वाटणीचे हे शास्त्र निसर्गाच्या एका स्वभावावर उभे होते. बांगडा आणि तारली हे दोन्ही मासे सूक्ष्म जीवांवर जगणारे व थव्याने हिंडणारे आहेत. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिम किनाऱ्यावर खोल पाण्यातील थंड व पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते, त्यावर सूक्ष्म वनस्पतींचे पीक माजते, आणि पाऊस सरता सरता हे थवे त्या पिकामागून किनाऱ्याला येतात. बांगड्याचे शास्त्रीय नाव रास्ट्रेलिजर कानागुर्ता असे आहे. त्यातील दुसरा शब्द लॅटिन नव्हे, तेलुगू आहे. पॅट्रिक रसेल याने विशाखापट्टणम येथील दोनशे माशांवरचा आपला ग्रंथ १८०३ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा तेथील कोळ्यांच्या तोंडचे हे नाव त्याने नोंदवून घेतले आणि पुढे ते जगाच्या शास्त्रात रूढ झाले. ज्ञान कोणाकडून आले याची अशी नोंद क्वचितच शिल्लक राहते.

या थव्यांची वाट होडीने समुद्रात जाऊन पाहायची नसून किनाऱ्यावर बसून पाहायची असते. मासा आला तर गावाच्या दाराशी येईल, न आला तर त्याच्यामागे जायचे नाही. म्हणजे रापण ही वाट पाहणाऱ्यांची मासेमारी आहे. तिची मर्यादा तिच्या दोराइतकी. त्या दोरापलीकडचा समुद्र माशांचा होता, आणि पुढील वर्षाचे बी तेथे आपोआप राखले जात असे.

मराठ्यांच्या राज्यात या किनाऱ्याला महत्त्व आले ते आरमारामुळे. मालवणच्या समोर कुरटे बेटावर १६६४ मध्ये सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. आरमाराच्या तारवांवर जी माणसे चढली, ती बव्हंशी याच किनाऱ्यावरची होती. कोळी, भंडारी, गाबीत या दर्यावर्दी जमातींना वारा, भरती-ओहोटी आणि खडक यांचे ज्ञान पुस्तकातून मिळवावे लागले नव्हते. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात तारवांसाठी लाकूड कसे मिळवावे हे सांगताना एक गोष्ट बजावली आहे. आंबा आणि फणस ही झाडेही आरमाराच्या उपयोगाची, परंतु रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू नये. एखादे झाड जीर्ण झालेच असेल, तर मालकाची समजूत घालून, मोल देऊन, त्याच्या खुशीने ते तोडावे. राज्याची गरज कितीही मोठी असली तरी ज्याचे झाड आहे त्याला आधी विचारावे, एवढाच त्याचा आशय. प्रत्येक अंमलदाराने तो पाळलाच असेल असे नाही, परंतु राज्यकर्त्याने तो लिहून ठेवणे योग्य मानले, ही गोष्टही लहान नव्हे. रापणीच्या पुढील दोन शतकांच्या इतिहासाला हे माप लावून पाहण्यासारखे आहे.

ब्रिटिश अमदानीत किनारा प्रथमच कागदावर आला. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने भरतीच्या रेषेखालील समुद्रतळ, खाड्या आणि बंदरे ही इतर कोणाचा हक्क सिद्ध नसेल तेथे सरकारची मालमत्ता ठरवली. यामुळे रापण ओढणाऱ्यांना त्या दिवशी कोणी वाळूवरून हाकलले नाही. तथापि ज्या जागेवर त्यांची वहिवाट गावाच्या मान्यतेने चालली होती, तेथे ते आता सरकारी जागेवरचे पाहुणे झाले. वहिवाट आणि हक्क यांत अंतर असते, आणि ते अंतर संकट आल्यावरच मोजले जाते.

अधिक तातडीचा फटका बसला तो मिठाचा. बर्फ नसलेल्या काळात मासळीचे आयुष्य मिठावर अवलंबून असे. एका दुपारी रापणीत हजारो बांगडे आले, तर त्यांतले थोडे ताजे विकले जात आणि उरलेले खारवून, वाळवून घाटावर पाठवावे लागत. तीन-चार भाग मासळीला एक भाग मीठ, असे सामान्य प्रमाण. त्या मिठावर कर होता. मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे याने भारत व ब्रह्मदेशातील सागरी मत्स्यव्यवसायावरचा आपला अहवाल १८७३ मध्ये सादर केला, तेव्हा मिठाच्या कराने मासळी खारवण्याच्या धंद्याचे काय होते हा प्रश्न त्याच्यापुढे उभा होता. पुढे पश्चिम किनाऱ्यावर ठिकठिकाणी मासळी खारवण्याची सरकारी आवारे निघाली. तेथे करमुक्त मीठ मिळे, पण मासळी त्या आवारातच, शिपायाच्या देखरेखीखाली खारवावी लागे. उपाय काही खोटा नव्हता. परंतु समुद्रातून फुकट येणारे मीठ आधी सरकारने आपले केले, आणि मग त्याच समुद्रातल्या मासळीसाठी ते सवलत म्हणून परत दिले, ही त्यातील गंमत कोळ्यांच्या लक्षात येण्यासारखी होती.

गोव्याच्या वाट्यालाही हेच मीठ आले. १८७८ मध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला आणि १८८० पासून बारा वर्षे तो अमलात होता. त्यान्वये गोव्यातील मिठाच्या उत्पादनावर व व्यापारावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले आणि मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. दोन सरकारांच्या या हिशेबात मिठागरातला आगरी आणि मासळी खारवणारी बाई यांना कोणी विचारल्याची नोंद नाही. म्हणूनच १९३० मध्ये वेंगुर्ल्याजवळ शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, तेव्हा त्या किनाऱ्यावरील माणसांना मिठाचा प्रश्न समजावून सांगण्याची गरज पडली नसेल. देशातील इतर भागांत मीठ हे स्वातंत्र्याचे प्रतीक होते, येथे ते प्रतीकही होते आणि उद्याच्या बाजाराचा माल टिकवण्याचे साधनही. हा कर अखेर १९४७ मध्ये रद्द झाला.

स्वातंत्र्यानंतर सरकारची दृष्टी बदलली. किनाऱ्याकडे महसुलाचे साधन म्हणून न पाहता अन्नाचा साठा म्हणून पाहिले जाऊ लागले. देशात धान्य अपुरे होते, प्रथिने महाग होती, आणि समोर एवढा समुद्र पसरलेला होता. १९४७ मध्येच केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची स्थापना झाली. १९५२ मध्ये नॉर्वेशी करार होऊन केरळात कोल्लमजवळ नींडकरा येथे एक प्रकल्प उभा राहिला. त्याचा मूळ हेतू मच्छीमारांच्या होड्यांना यंत्र देऊन त्यांचे जीवनमान उंचावणे हा होता, आणि त्या हेतूच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्याच सुमारास, १९५३ मध्ये, कोचीनहून गोठवलेली कोळंबी अमेरिकेला जाऊ लागली, आणि हां हां म्हणता कोळंबीला सोन्याचा भाव आला. कोळंबी तळाशी असते. तिच्यासाठी तळ खरवडत जाणारे ट्रॉल जाळे लागते, आणि ते ओढण्यास यंत्रनौका. खाण्याच्या मासळीसाठी निघालेली योजना निर्यातीच्या मासळीमागे गेली.

गोव्यात ही लाट १९६१ च्या मुक्तीनंतर आली. सरकारी कर्जे व अनुदाने मिळू लागली. ती मिळवण्यासाठी तारण लागे, कागद लागत आणि कचेरीत वावरण्याची सवय लागे. या तिन्ही गोष्टी रांपणकारांजवळ नव्हत्या. त्यामुळे पुष्कळशा ट्रॉलरांची मालकी कधी दोर न ओढलेल्या धनिकांकडे गेली. यात कोणी कट केला होता असे नव्हे. नियम सर्वांना सारखेच होते, फक्त ते पुरे करण्याची ऐपत सर्वांजवळ सारखी नव्हती. कोळंबी उथळ पाण्यात अधिक सापडते म्हणून ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊ लागले. जेथे रापणीचे दोर पोचतात तेथेच त्यांची जाळी फिरू लागली. थवे फुटले, लहान मासे तळाबरोबर खरवडले गेले, उभी असलेली जाळी फाटली. किनाऱ्यावरील माणूस पूर्वीसारखाच कपाळावर हात धरून पाहत होता. आता त्याला थव्याच्या जागी यंत्रनौका दिसत होती.

गोव्यातील हा असंतोष १९७० च्या दशकात संघटित झाला. ‘गोंयच्या रांपणकारांचो एकवोट’ ही संघटना उभी राहिली आणि तिचे नेतृत्व माथानी साल्ढाणा या शाळाशिक्षकाने केले. पुढे ते गोव्याचे मंत्रीही झाले आणि २०१२ मध्ये निवर्तले. रांपणकारांची मागणी साधी होती. किनाऱ्यालगतचा पाण्याचा पट्टा लहान मच्छीमारांसाठी राखून ठेवावा, यंत्रांनी त्यापलीकडे जावे. निवेदने झाली, मोर्चे झाले, उपोषणे झाली, आणि संताप अनावर झाला तेथे नौका जाळण्यापर्यंतही गोष्टी गेल्या. अशीच भांडणे तमिळनाडूत व केरळात पेटली होती. कट्टुमरमवाले तमिळ, केरळचे मच्छीमार आणि गोव्याचे रांपणकार यांची भाषा वेगळी, धर्म वेगळे, जाळी वेगळी, पण तक्रार एक. १९७८ मध्ये त्यांचे राष्ट्रीय व्यासपीठ स्थापन झाले. रापणीचा प्रश्न येथे प्रथमच एका गावाच्या वाळूवरून उठून देशाचा प्रश्न झाला.

राज्यघटनेने या प्रश्नाची एक विशिष्ट मांडणी करून ठेवलेली होती. मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतील विषय आहे, तर प्रादेशिक समुद्रापलीकडील मासेमारी संघसूचीत येते. १९७६ च्या कायद्याने किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांचा प्रादेशिक समुद्र आणि २०० मैलांचे अनन्य आर्थिक क्षेत्र निश्चित केले. अर्थात किनाऱ्यालगतच्या पट्ट्याचा न्याय राज्यांनी करावयाचा होता. केंद्राने नेमलेल्या मजुमदार समितीने क्षेत्रवाटपाची शिफारस केली, नमुन्याचा कायदा राज्यांकडे गेला, आणि गोवा व केरळ यांनी १९८० मध्ये, महाराष्ट्राने १९८१ मध्ये आपापले सागरी मासेमारी नियमन कायदे केले. गोव्यात किनाऱ्यापासून ५ किलोमीटरचा पट्टा ट्रॉलरांना निषिद्ध ठरला. केरळाने प्रादेशिक समुद्रात पर्ससीन जाळ्यांवर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९३ मध्ये न्यायालयाने ती उचलून धरली, आणि परंपरागत मच्छीमारांच्या उपजीविकेचे रक्षण हा सार्वजनिक हिताचाच भाग आहे ही भूमिका मान्य केली. शंभर वर्षांपूर्वी ज्याची वहिवाट कागदाबाहेर राहिली होती, त्याचा हक्क या निर्णयांनी कागदावर आणला.

कागदावर आलेला हक्क पाण्यावर उतरणे मात्र निराळे. पाण्यात कुंपण घालता येत नाही. पाच किलोमीटरची रेषा नकाशावर ठळक असते, रात्रीच्या समुद्रावर ती कोणालाच दिसत नाही. गस्तीला नौका थोड्या, माणसे थोडी. जो पकडला जाई त्याचा दंड एका फेरीच्या मिळकतीतून सहज भागे.

कर्नाटकाची कथा याहून चटका लावणारी आहे. तेथे ट्रॉलरांपेक्षा रंपणीचा घात केला तो पर्ससीनने. हे जाळेही रंपणीसारखेच थव्याला वेढा घालते, पण ते यंत्रनौकेवरून खोल पाण्यात टाकले जाते आणि खालचा दोर आवळला की बटव्यासारखे मिटते. बांगडा किनाऱ्याला येण्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही, तो वाटेतच उचलला जाऊ लागला. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पर्ससीन तेथे रुजले आणि थोड्याच वर्षांत मोठ्या रंपणी वाळूवर पडून राहिल्या. नव्या जाळ्याला माणसे थोडी लागतात. त्याचा वाटा नौकेच्या मालकाला, कर्जाच्या हप्त्याला, इंधनाला आणि शेवटी खलाशाला जातो. मासळी तीच राहिली, बाजारही तोच. बदलला तो वाट्यांचा हिशेब. पूर्वी दोर ओढणारी शंभर माणसे ज्या मासळीवर आपला हक्क सांगत, तीच मासळी आता त्यांना इतरांप्रमाणे विकत घ्यावी लागू लागली. टोपली घेऊन वाळूवर उभ्या राहणाऱ्या बाईला तर बंदरात लिलावाच्या वेळी व्यापाऱ्याशी स्पर्धा करावी लागली.

इतिहासाने न्याय करताना एकाच बाजूचे पाहू नये. बांगडा व तारली यांचे पीक यंत्रे येण्यापूर्वीही लहरी होते. १९४० च्या दशकात, समुद्रात एकही ट्रॉलर नसताना, तारली पश्चिम किनाऱ्यावरून अनेक वर्षे जवळजवळ नाहीशी झाली होती. पाण्याचे तापमान, पावसाची तऱ्हा, सूक्ष्म जीवांचे प्रमाण यांचे फेरे माणसाच्या हाती नाहीत. रापणीच्या सुवर्णकाळातही उपाशी वर्षे होती, आणि वाट्यांतही लहान-मोठे होते. होडी ज्याची तो गरीब क्वचितच असे. यंत्रनौकांनी देशाची मासळी वाढवली, हजारो खलाशांना काम दिले, आणि किनाऱ्यापासून दूरच्या शहरांत बर्फातली मासळी पोचवली, हेही खरेच आहे. आजचा यंत्रनौकेवरील खलाशी पुष्कळदा कालच्या रापणकाराचाच मुलगा असतो. दोष यंत्राला देऊन भागत नाही. प्रश्न होता तो यंत्र कोणाच्या हाती, किती अंतरावर आणि कोणाला विचारून द्यावे याचा. उत्पादनाचे आकडे वाढले की योजना यशस्वी झाली, असे मानण्याची सवय शासनाला लागते. वाट्यांचा आकडा कोणत्याच तक्त्यात नसतो.

अलीकडच्या काळात या जाणिवेने काही पावले पडली आहेत. महाराष्ट्राने २०१६ मध्ये पर्ससीनच्या संख्येवर, हंगामावर आणि क्षेत्रावर निर्बंध घातले. रात्री प्रखर दिव्यांनी मासळी गोळा करण्याच्या पद्धतीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी आणली. २०२१ मध्ये महाराष्ट्राने आपल्या कायद्यात दुरुस्ती करून दंडाच्या रकमा मोठ्या प्रमाणात वाढवल्या. पावसाळ्यातील प्रजननकाळ राखण्यासाठी २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला ६१ दिवसांची बंदी आहे. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात जायचे नाही, हा कोळ्यांचा जुना नेम या बंदीचा पूर्वज होय. त्याला शिपाई लागत नव्हता, कारण तो मोडणे हा समुद्राचा अपमान समजला जाई.

दरम्यान वाळूवरही नवे दावेदार आले आहेत. रापणीला पाण्याइतकीच कोरडी जागा लागते. होडी ओढून ठेवायला, जाळे पसरायला, मासळी वाळवायला मोकळा किनारा हवा असतो. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेजवळच्या बांधकामांना आवर घातला आणि पुढे ती २०११ व २०१९ मध्ये नव्याने काढण्यात आली. तारकर्ली-देवबागच्या वाळूवर आता पर्यटकांची गर्दी असते. रापण ओढली जात असली की हे पाहुणे भोवती गोळा होतात, छायाचित्रे घेतात, आणि त्यांतला एखादा हौसेने दोरालाही हात लावतो. जुना संकेत येथे अजून विसरला गेलेला नाही. त्या पाहुण्याच्या हातावर कोणीतरी दोन बांगडे ठेवतो, आणि ते घ्यावेत की न घ्यावेत अशा संकोचात तो उभा राहतो. आपण गंमत म्हणून ओढलेल्या दोराने आपला हक्क निर्माण झाला आहे, हे त्याला ठाऊक नसते.

संध्याकाळ होते. जाळे वाळूवर आले आहे. मासळीचे ढीग पडतात, ते मोजणारा माणूस बहुधा वयस्क असतो आणि त्याच्या मोजण्याकडे सर्वांचे डोळे असतात. मोठा ढीग, लहान ढीग, होडीचा, जाळ्याचा, ओढणाऱ्यांचा. एखादे म्हातारे माणूस आता दोर ओढू शकत नाही, तरी ते ढिगांपाशी येऊन बसलेले असते, कारण चाळीस वर्षे त्याने तो ओढलेला असतो. त्याच्यापुढेही काहीतरी पडते. एवढी मासळी घाऊक बाजाराच्या हिशेबात किती क्षुल्लक आहे, हे तेथील प्रत्येकाला माहीत असते. तरीही ती वाटण्याची रीत कोणी बदलीत नाही.

अमात्यांनी आंब्या-फणसाच्या झाडांविषयी जे लिहिले, ते समुद्राच्या काठाविषयी कोणी लिहून ठेवले नाही. कदाचित त्या काळी तशी गरजच वाटली नसेल, कारण वाळूवरून माणसांना आणि पाण्यातून मासळीला कोणी हिरावून नेऊ शकेल ही कल्पनाच तेव्हा नव्हती. ती शक्ती आता राज्याच्या आणि पैशाच्या हाती आहे. म्हणून ज्याचे आहे त्याला आधी विचारावे हा नियम आजच अधिक लागू पडतो. रापण आणखी किती वर्षे ओढली जाईल हे बांगड्याच्या मर्जीवर जितके अवलंबून आहे, तितकेच माणसांच्या या विचारण्यावर आहे. तोपर्यंत भाद्रपदातील दुपारी वेंगुर्ल्याच्या वाळूवर कोणीतरी कपाळावर आडवा हात धरून पाण्याकडे पाहत उभा राहील, आणि त्याची हाक आली की माडांच्या सावलीतील माणसे हातातले काम टाकून होडीकडे धावतील.